ग्रंथ एकच सांगतो

पुसेगावात ग्यानबा महाराजांच्या कीर्तनाला गर्दी व्हायची ती दोन गोष्टींसाठी. एक महाराजांचा गळा आणि दुसरा त्यांचा ज्ञानकोश. गळा देवानं दिलेला. कोश गावच्या वाचनालयातला. वाचनालयात कॉम्प्युटर आले, तशी कधीच बंद पडलेल्या कुठल्याशा छापखान्याच्या त्या जाडजूड खंडांना फळीवर जागा उरली नाही. रद्दीवाल्याचा टेम्पो दारात लागला आणि महाराज टेम्पोला आडवे झाले. "ग्रंथ तराजूत घालता व्हय रे? काही लाजलज्जा?" असं म्हणत त्यांनी सगळे खंड घरी आणले, पोथीसारखे तांबड्या फडक्यात बांधले आणि दसऱ्याला त्यांच्यावर हळदकुंकू वाहू लागले.

एके काळी लोक विचारायला यायचे. महाराज, धूमकेतू काहून दिसून राहिला? महाराज, उंटाच्या मदारीत पाणी असतंय का? महाराज हात धुऊन फडकं सोडायचे आणि बोट ठेवून वाचून दाखवायचे. शेवटच्या खंडात "हिंगोली" उघडलं की मात्र हसायचे, कारण तिथं छापलं होतं, "परभणी जिल्ह्यातील तालुका". आपला जिल्हा वेगळा होऊन किती वर्षं झाली, कोशाला त्याचा पत्ताच नाही. "म्हातारं माणूस हाय, इसरतं," म्हणायचे आणि पान उलटायचे.

मग घरोघर फोन आले. विचारायला येणं बंद झालं. महाराजांना ते फार लागलं, पण बोलून दाखवणार कुणाला?

यंदा नवरात्रात देवीपुढं कीर्तनाला उभे राहिले तेव्हा मनातलं ते लागलेलं असं उसळून आलं.

"संसार हा साप, मायबाप! डसला तर काय करायचं? ग्रंथ सांगतो, दंशाच्या वर दोरी आवळा घट्ट. वर पात्यानं चीर द्या. विष चोखून थुंकून टाका! दोरी कशाची? नेमाची. चीर कशाची? वैराग्याची. आन् विष चोखणारा कोण?"

"सद्गुरू!" मंडप गरजला. मृदंगावर बसलेल्या वैजनाथानं अशी थाप दिली की समईची ज्योत हलली.

"फोन सतरा तोंडांनी सतरा सांगतो," महाराजांनी टाळ उंचावला, "ग्रंथ एकच सांगतो!"

शेजारच्या आळीतल्या जळबानं ते सगळं फोनमध्ये घेतलं. दुसऱ्या दिवशी ते सेनगावला पोचलं, साखऱ्याला पोचलं. लोक महाराजांना रस्त्यात थांबवून दाखवू लागले. महाराज सुखावले.

एकटी ज्योती तेवढी कीर्तन उठल्यावर जवळ आली. ही उपकेंद्रातली नर्स, रत्नपाल जीपवाल्याची बहीण. "काका, कीर्तन लई गोड झालं. पण ते दोरीचं न् पात्याचं आता तसं करत न्हाईत. उलटं जास्ती तकलीफ होती."

"कुठं वाचलंस? फोनमधी?"

"शिकवलंय आमाला, काका."

"बरं बरं," महाराज हसले आणि तिच्या हातावर प्रसाद ठेवून पुढच्या माणसाकडं वळले.

दसरा झाला. सोयाबीन काढणीला लागलं. दुपारच्या उन्हात महाराज ओसरीवर खंडांची फडकी झटकत बसले होते, तेवढ्यात जळबा मोटारसायकल घेऊन अंगणात घुसला.

"महाराज, बसा मागं! वैजूला नागानं धरलं. तुमालाच बोलवून राहिला."

महाराज कसे बसले, रस्ता कसा गेला, काही कळलं नाही. जळबा मागं मान वळवून ओरडून सांगत होता, "काळजी नका करू, दोरी बांधली मी. बराबर तुमी म्हणले तशी. पातं बी आणलंय दुकानातून."

ते ऐकलं आणि महाराजांना ज्योतीचं बोलणं आठवलं.

सोयाबीनच्या ढिगाला टेकून वैजनाथ बसला होता. उजव्या पायाच्या घोट्यावर दोन टिपके, टाचणीनं टोचावं एवढेच. गुडघ्याखाली सुतळी रुतली होती आणि तिच्या खाली पाय निळसर फुगत चालला होता. त्याची आई द्वारकाबाई तोंडात पदर कोंबून उभी होती.

"आले!" वैजनाथाच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "महाराज, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई मी. तुमीच चिरा."

जळबानं कागद सोलून पातं महाराजांच्या बोटांत दिलं. नवं कोरं, उन्हात चमकणारं. या बोटांनी जन्मभर फक्त टाळ धरले होते.

एवढ्यात, बातमी कानी पडताच निघालेली रत्नपालची जीप बांधाला थांबली आणि ज्योती ढेकळं तुडवत पळत आली.

"काका, पातं खाली ठेवा! चिरलं तर रक्त जाईल, विष निघणार न्हाई. चोखू बी नका."

"ए बाई," जळबा तडकला, "ग्रंथात लिव्हलंय! सगळ्या गावानं ऐकलंय!"

"मग गावानंच मारायचं का याला? पाय हलू न देता जीपमधी घाला. लस सेनगावला सरकारी दवाखान्यात हाय. इथं बोलण्यात वेळ चाललाय!"

"दोरी सोडू का मग?" द्वारकाबाईनं विचारलं.

"नका मावशी! आवळलेली दोरी एकदम सोडायची न्हाई. ती आता डॉक्टरसमोरच."

कुणी हललं नाही. सगळे महाराजांकडं बघत होते. ज्योती खरं बोलत असेलही; पण तिच्या बोलण्यानं वैजनाथ उठणार नव्हता, आणि जळबा वाट सोडणार नव्हता. इथं एकाच माणसाचा शब्द चालणार होता, आणि त्याच माणसाच्या हातात पातं होतं.

महाराजांच्या डोळ्यांपुढं ते पान आलं. "साप". चित्र, चित्राखाली ओळी, ओळींवर आपलं बोट. छापलेलं. न बदलणारं. म्हणून तर त्याच्यावर जीव. चीर दिली नाही आणि पोरगं गेलं, तर? दिली आणि गेलं, तर? पांडुरंगा, हा कसला दृष्टांत माझ्या हातात दिलास?

आणि मग, त्याच खंडात, थोडी पानं पुढं: परभणी जिल्ह्यातील तालुका.

ज्या म्हाताऱ्याला आपला जिल्हा झालेला ठाऊक नाही, त्याला वैजूच्या पायातलं विष उतरवायची आजची रीत कुठून ठाऊक असणार? आपण हसलो, पान उलटलं. साप वाचताना का नाही हसलो?

महाराजांनी पातं ढेकळात खुपसलं, धारेकडून, पार आत.

"उचला," ते म्हणाले. "ज्योती सांगती तसं उचला."

"पण महाराज, ग्रंथ…" वैजनाथ पुटपुटला.

"ग्रंथ जुना झालाय, वैजू. माझं ऐक."

जीपमध्ये मागच्या बाकावर वैजनाथाला आडवा घातला. पायाला लाकडी फळी बांधली. ज्योती म्हणाली, "याला घाबरू देऊ नका, काका. जीव धडधडला की विष पळतंय. शांत ठेवा."

शांत ठेवा! महाराजांचाच जीव बरगड्या तोडून बाहेर येऊ बघत होता. पण त्यांनी वैजनाथाचं डोकं मांडीवर घेतलं आणि नाम धरलं. अगदी खालच्या सुरात, अगदी संथ, लेकराला झोपवताना आई म्हणते तसं. "विठ्ठल… विठ्ठल…" गचके बसत होते, धूळ नाकात जात होती, लय मात्र त्यांनी मोडू दिली नाही. वैजनाथाची बोटं सवयीनं छातीवर ठेका धरू लागली.

महाराज त्या बोटांकडं बघत गात होते. बोटं चालताहेत तोवर पोरगं आहे.

सेनगावच्या अलीकडं ठेका चुकला. वैजनाथ! ज्यानं झोपेतही कधी सम सोडली नाही, तो. पापण्या जड होऊन खाली आल्या. "महाराज… दोन दोन दिसून राहिले तुमी," तो म्हणाला. जीभ जाड झाली होती.

"रत्नपाल, दाब!" ज्योती ओरडली.

दोन बोटं थांबली. मग तिसरं. करंगळी तेवढी मधूनच हलत होती. महाराजांनी नाम सोडलं नाही. सोडलं असतं तर किंचाळले असते.

दवाखान्यात स्ट्रेचर आत गेलं आणि दार मिटलं. द्वारकाबाई भिंतीला टेकून बसली, महाराज तिच्या शेजारी जमिनीवर. किती वेळ गेला कुणास ठाऊक. दार उघडून डॉक्टर बाहेर आले तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती.

"लस लागू पडतेय. श्वास चालू आहे. आजची रात्र इथं लक्ष ठेवतो," ते द्वारकाबाईला म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "दोरी कुणी बांधली? पाय जायचा होता. आणि चिरलं असतं, तर जिवाचा धोका अजून वाढला असता."

द्वारकाबाईनं महाराजांकडं पाहिलं नाही. त्यांच्या पायांवर नुसता हात ठेवला. महाराजांना तो हात निखाऱ्यासारखा वाटला.

बाकावर रत्नपाल फोन बघत होता. त्यातून ओळखीचा आवाज आला: "दोरी आवळा घट्ट! वर पात्यानं…"

"बंद कर!" महाराज दचकून उठले. "कुठून आलं हे?"

"साखऱ्याच्या ग्रुपवर हाय, महाराज. समदीकडं फिरून राहिलं. लोकांना लई आवडलंय."

महाराज बाकावर टेकले. आजवर बोललेला शब्द मंडपात विरून जायचा, उरलाच तर भाविकाच्या मनात उरायचा. आता तो चालून राहिला होता, त्यांच्याशिवाय, रात्रंदिवस, वावरावावरात. आणि सगळीकडं सोयाबीनचे ढीग, ढिगाखाली गारवा, गारव्याला साप. किती हातांत पाती असतील? कुणाच्या घरी ज्योती असेल, कुणाच्या नसेल.

"ज्योती, ते परत बोलवता येतं का गं?"

"न्हाई काका. नवं पाठवता येतंय."

तिनं फोन धरला. हजार माणसांपुढं कधी न डगमगलेले महाराज त्या एवढ्याशा काचेपुढं घामाघूम झाले. चाचरत म्हणाले, "मंडळी, मी सांगितलं ते चूक हाय. दोरी बांधू नका. चिरू नका…"

ज्योतीनं फोन खाली घेतला. "काका, असं साधं बोललात तर कोण पुढं पाठवणार? ते पयलं लोकांना आवडलं, कारण त्यात तुमचा गळा होता. चाल लावा."

"इथं? पोरगं आत पडलंय न् मी गाऊ?"

"त्याच्यासाठीच गा," द्वारकाबाई म्हणाली. "माझ्या वैजूचं झालं, तसं कुणाचं होऊ नये."

महाराजांनी डोळे मिटले. मृदंग नव्हता. बाकाच्या फळीवर त्यांनीच ठेका धरला, आणि फुटक्या आवाजात उचललं:

"नको दोर घट्ट । नको वरी पातें । उचला दो हातें । न्या हो वेगी ॥"

फिरून म्हटलं, पुन्हा फिरून म्हटलं. नळावर पाणी भरणाऱ्या बाया थांबल्या. ज्योतीनं बोट दाबलं आणि म्हणाली, "गेलं."

"पोचंल का सगळीकडं? कुणी पातं उचलायच्या आधी?"



तेवढ्यात फाटकातून एक जीप जोरात आत आली. धुळीनं माखलेली, अनोळखी. मागं बायका रडत होत्या, आणि दोघं जण कुणाला तरी झोळीत उतरवत होते. कुणीतरी ओरडलं, "साखऱ्याचं हाय, साप चावला!"

महाराज उठून पुढं गेले. माणसाचा चेहरा त्यांनी पाहिला नाही. पायावर कांबळं पांघरलं होतं. ते बाजूला करायला त्यांनी हात पुढं केला, आणि हात मधेच थांबला. खाली दोरी निघाली तर? चीर निघाली तर?

"पांडुरंगा," ते म्हणाले, आणि कांबळं उचललं.