कंबर बसली आणि पाय कापला

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं भंगाराचं दुकान आलं असेल, तर ते आधी बाजूला सारा. मी आजही एका किकमध्ये चालू होते आणि दुधाचे भरलेले कॅन घेऊन गडमुडशिंगीहून कोल्हापूरला निघाले की नव्याकोऱ्या गाड्यांना हॉर्न देऊन वाट मागते. माझ्या इंजिनानं कधी कुरकूर केली नाही. त्यामुळं ही गोष्ट इंजिनाची नाही, माझ्या कमरेची आणि पायाची आहे.

कारखान्यातलं बालपण मला फारसं आठवत नाही. आठवतं ते कोल्हापुरातल्या शाहूपुरीतलं दुकान आणि तिथून मला घरी घेऊन आलेले आकारामतात्या. त्यांच्या बायकोनं, विठाबाईंनी, दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, हँडलला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. असा थाट पाहून मी हुरळून गेले. पण तात्यांनी मला मिरवायला आणलं नव्हतं. त्यांच्या गोठ्यात म्हशी होत्या आणि मंगळवार पेठेत रोज दूध घालायची घरं होती. लगेच माझ्या दोन्ही अंगांना लोखंडी कड्या बसल्या, त्यांत दोन मोठे कॅन अडकले, वर तात्या बसले, आणि तात्या अंगानं काही बारीक नव्हते. परतताना पेंडीचं पोतंही असायचं.

हा सगळा भार माझ्या दोन शॉकअपवर यायचा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे दोन दांडे असतात ना, तेच. खड्ड्यांचे हादरे ते गिळतात. ती माझी कंबरच समजा. मी कधी कुरबुर केली नाही. तात्या चारचौघांत माझ्या टाकीवर थाप मारून म्हणायचे, "ही गाडी न्हाई, माझी न आटणारी म्हस हाय!" तेव्हा मला इतका आनंद व्हायचा की रस्त्यातले खड्डे जाणवायचेच नाहीत.

तात्या माझ्या साखळीला तेल देत, प्लग पुसत, दसऱ्याला झेंडूची माळ घालत. शॉकअपकडं मात्र कुणी वाकून पाहिलं नाही. त्यांतलं तेल गळून गेलं, स्प्रिंगा दबल्या आणि मी मागून हळूहळू खाली बसत गेले. खड्डा आला की धाडकन आवाज होई आणि हादरा थेट तात्यांच्या पाठीत जाई.

आता नीट ऐका, कारण घोळ इथंच झाला. साइड स्टँडवर गाडी डावीकडं थोडी कलून उभी राहिली पाहिजे. मी खाली बसले, पण स्टँड तेवढंच राहिलं. त्यामुळं मी कलेनाशी झाले आणि अगदी ताठ उभी राहू लागले. बघणाऱ्यांना वाटे, काय रुबाब आहे! खरं तर म्हशीनं शेपूट मारली असती तरी मी उजवीकडं आडवी झाले असते. मला धरायला डबल स्टँडही नव्हतं, ते झिजून केव्हाच निघालं होतं.

आणि व्हायचं तेच झालं. मंगळवार पेठेत तात्यांनी डाव्या कॅनमधून दूध काढलं, डावी बाजू हलकी झाली आणि मी उजव्या अंगावर पडले. दूध गटारीपर्यंत वाहत गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्या तडक गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात गेले.

"स्टँड लांब झालंय हिचं. दोन बोटं काप."

मित्रांनो, लोखंड म्हणजे काय नख आहे वाढायला? पण तिथं मला कोण विचारतो! वेल्डिंगवाल्यानं मधला तुकडा कापला आणि खालचा पाय पुन्हा जोडून दिला. मी थोडी कलून उभी राहू लागले आणि तात्या खूश झाले. दुखणं कमरेला होतं आणि कापला होता पाय. कापलेला तुकडा तात्यांनी घरी आणून अंगणात टाकून दिला.

हादरे तसेच चालू राहिले. शेवटी तात्यांच्या पाठीनं दगा दिला आणि डॉक्टरांनी त्यांची गाडी बंद केली. तेव्हा त्यांची नात राजनंदिनी पुढं आली. ती कॉलेजात होती आणि नुकतंच लायसन काढून आली होती.

"आज्जा, दूध मी घालते की."

"हे रतिबाचं काम हाय, सहल न्हाई," तात्या म्हणाले.

"जाऊ दे की तिला," विठाबाई गोठ्यातून म्हणाल्या. "आपली घरं दुसऱ्याच्या हातात जाण्यापरास बरं."

तात्या कसेबसे कबूल झाले, पण अट घातली. "एकदा जरी दूध सांडलं, तर रतीब बंद आणि गाडी इकायची." आता माझं आणि त्या पोरीचं नशीब एकाच खुंट्याला बांधलं होतं.

राजनंदिनी हुशार. तिनं आधी मला शाहूपुरीत अमीनच्या गॅरेजात नेलं. अमीननं माझी शेपटी दाबून पाहिली. मी खाली गेले ती वर येईचना.

"ताई, हिचं शॉकअप पार बसल्यात. तुझ्या आज्जाची पाठ हिनंच घालवली बघ."

त्यानं नवे शॉकअप बसवले आणि मी पुन्हा तरुणपणीच्या उंचीला आले. रस्ताभर मी मऊ मऊ चालले. स्टँड कापल्याचं मात्र अमीनला कुणी सांगितलं नव्हतं, राजनंदिनीला तर ते ठाऊकच नव्हतं. आमच्या अंगणात डाव्या बाजूला चढ आहे, त्यामुळं घरी उभी केल्यावरही काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार पेठेतल्या सपाट गल्लीत तिनं मला उभी केली. आता मी उंच आणि पाय आखूड. मी डावीकडं फार कलले. तिनं उजव्या कॅनमधून माप भरून घेतलं, उजवी बाजू हलकी झाली आणि मी डाव्या अंगावर कोसळले. दूध सांडलं आणि कॅनची कड तिच्या पायाला लागली. लंगडतच तिनं मला एकटीनं उचललं, उरलेलं दूध घरोघर घातलं आणि घरी येऊन झालं ते सांगितलं. तिच्या जागी मी असते तर लपवलं असतं.

"म्हणलं हुतं न्हवं!" तात्या कडाडले. "गाडी लावता येईना आन निघाली रतीब घालायला!"

"मी नीटच लावली हुती, आज्जा," ती म्हणाली. तात्यांनी अमीनला फोन लावला. "गाडीला गिऱ्हाईक बघ."

संध्याकाळी अमीन आला. गोठ्यापुढं थोडी सपाट जागा आहे, तिथं त्यानं मला उभी केली आणि मी पडता पडता राहिले. तो खाली बसला.

"तात्या, ह्या स्टँडला जोड हाय. कुणी कापलंय हे?"

"असंल कुणीतरी," तात्या आभाळाकडं बघत म्हणाले.

विठाबाई गोठ्याच्या दाराशी गेल्या, कडीत खोचलेला लोखंडाचा तुकडा उपसला आणि अमीनच्या हातात ठेवला.

"ह्यो घे. ह्यांनी कापून टाकला तवापास्नं माझ्या कडीला हाय."

कडी मोकळी झाली, दार उघडलं आणि आतलं रेडकू सुसाट बाहेर आलं! विठाबाई ओरडल्या, राजनंदिनी लंगडत धावली, अमीन हातात तुकडा घेऊनच मागं पळाला. रेडकू सगळ्यांना चकवून माझ्यापाशी आलं आणि तात्यांनी एका हातानं स्वतःची पाठ धरून दुसऱ्या हातानं त्याचा कान पकडला. तसंच उभ्या उभ्या ते म्हणाले, "नंदे, चूक तुझी न्हवती. माझी हुती."

"मग गिऱ्हाईक?" तिनं विचारलं.

"गिऱ्हाईक कशाला? मालकीण घरातच हाय की!" तात्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली. मला रडता येत नाही म्हणून, नाहीतर टाकी भरली असती.

अमीननं तोच तुकडा पुन्हा माझ्या पायात जोडला. गोठ्याच्या कडीला आता बाभळीची काटकी आहे आणि रेडकू ती रोज चावतं.

मित्रांनो, तुमच्या घरची जुनी गाडी उभ्या उभ्या पडत असेल, तर तिच्या पायावर करवत चालवण्याआधी मागं जाऊन तिची कंबर दाबून बघा. आणि ती लावणाऱ्यावर ओरडण्याआधी एकदा खाली वाकून बघा. आम्ही मागतो ते एवढंच.

परवा त्याच गल्लीत राजनंदिनीनं मला उभी केली, माप भरलं आणि दूध घालायला आत गेली. तिनं माझ्याकडं एकदाही वळून पाहिलं नाही. इतका मान मला दसऱ्याच्या माळेनंही कधी मिळाला नव्हता.