बहुमतातलं एक मत

हरिश्चंद्र आमदार झाला तेव्हा पूर्णगडजवळच्या त्यांच्या खारवीवाडीत होड्यांना झेंडूची तोरणं बांधली होती. वाडीतला हा पहिलाच आमदार. त्याआधी तो मच्छीमार सोसायटीचं काम बघायचा, मोर्चे काढायचा, आणि बोलायला उभा राहिला की बंदरावरच्या बायका माशांच्या पाट्या खाली ठेवून ऐकायच्या. प्रचारात त्याने एकच गोष्ट कबूल केली होती. समुद्र वाडीची जमीन खातोय, तिथे बंधारा बांधून घेईन. त्याची आई आनंदीबाई घरोघर सांगत फिरल्या, की माझा मुलगा बोलला म्हणजे करणार.

मुंबईत गेल्यावर त्याला कळलं, की विरोधी बाकावरच्या आमदाराला बोलू देतात, ऐकत मात्र कोणी नाही. त्याने तारांकित प्रश्न विचारले, लक्षवेधी लावली, मंत्र्यांच्या दालनाबाहेर तासन्‌तास उभा राहिला. उत्तर तेच यायचं, प्रस्ताव विचाराधीन आहे. दुसऱ्यांदा तो निवडून आला, पण मतं बरीच घटली. त्या पावसाळ्यात उधाणाने आनंदीबाईंच्या मागीलदारचे माड नेले. त्यांनी धाकट्या मुलाकडून, लवूकडून, चूल तेवढी पुढच्या पडवीत हलवून घेतली.

पुढे त्याच्या पक्षात फूट पडली. फुटणाऱ्या गटाच्या नेत्याने त्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं, की समोरच्यांना जाऊन मिळू, आपलं सरकार आलं की बंधाऱ्याला मंजुरी धरून चाला. तो त्यांच्याबरोबर गेला, पण पैसा घेतला नाही, मंत्रिपद मागितलं नाही. बायकोने, कमळाने, विचारलं, की वाडीत कुणाशी बोललास का? तो म्हणाला, बंधारा उभा राहिला की सगळे समजून घेतील.

फुटलेल्या आमदारांना परराज्यातल्या एका हॉटेलात नेऊन ठेवलं. बस थांबेल तिथे कॅमेरे उभे असायचे. मुंबईला परतायच्या आदल्या दिवशी लवूचा फोन आला. आईला रत्नागिरीत दवाखान्यात ठेवलंय, दम लागतोय, डॉक्टर म्हणतात जवळच्यांना बोलवा.

हरिश्चंद्र नेत्याकडे गेला. नेत्याने त्याला अडवलं नाही. चहा मागवला, आईचं वय विचारलं, आणि म्हणाला, "तुम्ही जा. उद्या विश्वासदर्शक ठराव आहे आणि आपण काठावर आहोत, एवढं फक्त ध्यानात असू द्या."

चहा संपेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. नंतर खोलीत येऊन त्याने लवूला सांगितलं, की उद्या मतदान झालं की तसाच निघतो. लवूने "बरं" म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात शिरगणती झाली. हरिश्चंद्रने उभं राहून आपला क्रमांक मोठ्याने म्हटला. ठराव जिंकल्यावर बाकं वाजली, कुणीतरी त्याला मिठी मारली. बाहेर येऊन त्याने फोन चालू केला तेव्हा आई गेल्याचं कळलं.

तो वाडीत पोचला तेव्हा काळोख पडला होता. त्याच्या गाडीपुढे पोलिसांची गाडी होती. माणसांनी वाट दिली. लवूने प्रेत त्याच्यासाठी ठेवून घेतलं होतं. "अग्नी तूच द्यायचास, थोरला तू," एवढंच तो म्हणाला.

बंधारा झाला. काळ्या दगडांची लांब रांग वाडीपुढे उभी राहिली, आणि पुढच्या उधाणात पाणी आत आलं नाही. बंधारा चांगला आहे, हे वाडीत सगळे मान्य करत. निवडणुकीत मात्र त्याच्या स्वतःच्या वाडीच्या केंद्रावरही तो मागे पडला. पडल्यावर पक्षाचे फोन हळूहळू थांबले.

मग रत्नागिरीच्या घरून तो अधूनमधून वाडीला येऊन पडवीत बसू लागला. एका दुपारी लवू जाळं विणत होता. हरिश्चंद्रने इतके दिवस टाळलेला प्रश्न विचारला. शेवटी आई माझ्याबद्दल काय बोलली?

लवूचे हात थांबले. सांगू की नको, असं त्याचं झालं. मग तो जाळ्याकडे बघतच बोलला, "दवाखान्यात टीव्ही होता. तू दिसशील म्हणून उशी लावून बसायची. एकदा दिसलास. बसमधून उतरलास नि तोंडापुढे फाईल धरलीस. तिनं मला विचारलान, 'ह्यानं तोंड का झाकलान? काय केलान ह्यानं?' मी म्हटलं, ऊन असेल. मग तिनं टीव्ही बंद करायला लावलान."

"मला बोलवायला सांगितलं तिने?"

"नाय. फोन मी माझ्या मनाने केला."

लवूच्या बायकोने, तुळसाने, चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. तिन्हीसांजेच्या एस्टीने हरिश्चंद्र रत्नागिरीला परत गेला.

पुढच्या निवडणुकीआधी पक्षाची माणसं पुन्हा त्याच्या दारात आली. हवा बदलली आहे, या वेळी तुम्ही नक्की येता, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. त्याने उभं राहायला नकार दिला आणि कारण विचारल्यावर तब्येतीचं नाव पुढे केलं. पडायला घाबरला, असं बाजारात लोक म्हणाले. ते त्याच्या कानावर आलं, आणि त्याने ते तसंच राहू दिलं.