गाडी आधीच वाजत होती

मतदार यादीच्या कामासाठी जामसरला गेलेल्या हेमंत गुरुजींना फागूच्या पडवीत ती मोटारसायकल दिसली. चाकं मातीत रुतलेली, टाकी गंजलेली, सीटच्या फाटक्या फोमात कोंबडी अंड्यांवर बसलेली. फागू आणि हेमंत आश्रमशाळेत एकत्र शिकलेले.

"मी दुरुस्त करून आणतो," हेमंत बोलून गेला.

"एवढ्या वर्षांनी? कशाला, गुरुजी?" फागू हसला. त्याच्या तोंडचं 'गुरुजी' हेमंतला नेहमीच टोचायचं.

बारा वर्षांपूर्वी हेमंत याच गाडीवरून नाशिकला नोकरीची कागदपत्रं दाखवायला गेला होता. ठाण्यात इमारतींच्या कामावर तीन वर्षं काढून फागूनं ती घेतली होती. निघताना त्यानं बजावलं होतं, "ऑइल गळतंय. वाटेत बघून टाक." हेमंतनं बघितलं नाही. परतीच्या घाटात इंजिन खडखडू लागलं, तरी त्यानं गाडी तशीच रेटली आणि गुपचूप पडवीत आणून लावली. दुसऱ्या दिवशी फागूचा धाकटा भाऊ माघ्या ती घेऊन खोडाळ्याच्या बाजाराला निघाला आणि वाटेत इंजिन जाम झालं. "मी घेतली तेव्हाच वाजत होती," माघ्या सांगत राहिला. फागूनं चारचौघांत हेमंतला विचारलं, "तू आणलीस तेव्हा वाजत होती का?"

"नाही," हेमंत म्हणाला.

फागूनं माघ्याला खोटारडा म्हटलं. महिन्याभरात माघ्या बायकोला, पुष्पाला घेऊन तिच्या माहेरी खोडाळ्याला राहायला गेला; आई फागूपाशीच राहिली. भावाभावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

हेमंतनं गाडी टेम्पोत टाकून जव्हारला भावेशच्या गॅरेजात नेली. दर रविवारी तो स्वतः तिथे बसायचा. पॉलिश पेपरनं गंज घासायचा, रॉकेलमध्ये सुटे भाग धुवायचा. गाडी चालू झाली की आपलं ओझं उतरेल, काही बोलावं लागणार नाही, असं त्याला वाटत होतं.

एका रविवारी फागूही आला आणि बाजाराच्या वाटेवर इंजिन कसं जाम झालं ते त्यानं भावेशला सांगितलं. भावेशनं ठोकून ठोकून पिस्टन बाहेर काढला. ब्लॉकला आतून खोल चरे पडले होते.

"ऑइल नसताना घाट चढवलाय हिला," भावेश म्हणाला. "बाजाराच्या एका फेरीत असं होत नाय. आधीच मेलेली होती."

फागू तो काळा पिस्टन हातात फिरवत राहिला. "माघ्या तेच सांगत होता," तो हळूच म्हणाला. "ऑइल गळत होतं, माझ्याच हातनं मेली असंल."

हेमंत खाली मान घालून चेन घासत राहिला. बोलायची वेळ समोर उभी होती आणि त्यानं ती दुसऱ्यांदा जाऊ दिली.

तीन आठवड्यांनी, नवा पिस्टन आणि नवे टायर बसल्यावर, पाचव्या किकला गाडी सुरू झाली. फागूनं टाकीवरून हात फिरवला. बघायला जमलेल्यांना तो म्हणाला, "आमचा गुरुजी. सख्खा भाऊ करणार नाय एवढं यानं केलं."

हेमंतला ते सोसलं नाही. फागूला बाजूला घेऊन तो म्हणाला, "मीच मारली ती. नाशिकहून येतानाच वाजत होती. मी खोटं बोललो."

फागूनं परत जाऊन गाडी बंद केली. हँडल धरून त्यानं ती रस्त्याकडे वळवली. मग त्यानं पुन्हा किक मारली.

"मला सांगून काय उपेग? बस मागं."

मोखाडा ओलांडून दोघं खोडाळ्याला पोचले. माघ्या खळ्यावर नागलीची कणसं झोडत होता. भावाला बघून तो हातातल्या काठीसकट थांबला. फागू गाडीपाशीच उभा राहिला. दिवसभर चाळीस मुलांना शिकवणारा हेमंतचा आवाज अडखळत निघाला, पण त्यानं सांगितलं.

माघ्यानं ऐकून घेतलं. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "पुष्पा, बाहेर ये."

ती हात पुसत आली.

"हिच्यासमोर परत सांगा," माघ्या म्हणाला. "माझ्यापायी हिनं बारा वर्षं लोकांची बोलणी खाल्ली."

हेमंतनं परत सांगितलं. या वेळी नाशिक, ऑइल, घाट, ते 'नाही', सगळं. पुष्पा त्याच्याकडे बघत राहिली आणि मग आत गेली. फागू खळ्याच्या कडेला येऊन बसला. हेमंतला कुणी बस म्हटलं नाही. थोडा वेळ उभा राहून तो पायीच स्टँडकडे निघाला.

मागून माघ्याचा आवाज आला. तो फागूला विचारत होता, "आय कशी हाय?"