‘अहो’ नावाची फाईल

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. डोक्यावर बसणारा, तोंडापाशी माईकची दांडी असलेला. हसू नका. तुमच्या कानात ती शेंगदाण्याएवढी बोंडं असतात, ती महिन्याभरात कुठेतरी पडतात आणि मग तुम्ही घर डोक्यावर घेता. मी इतकी वर्षं टिकलोय. माझ्या डाव्या कानाचा स्पंज गेला, तिथे जुन्या मोज्याचं कापड शिवलंय. टाका बघा एकदा. असा टाका घालणारी माणसं आता दुकानात मिळत नाहीत.

माझा जन्म कुठे झाला ते खोक्यावर लिहिलं होतं म्हणे. मला वाचता येत नाही आणि खोकं फाडणाऱ्याला सवड नव्हती. पहिली नोकरी हिंजवडीला लागली, एका काचेच्या इमारतीत. परदेशातल्या लोकांची कपडे धुवायची मशीन बिघडली की ते तिथे फोन करायचे. लोणी काळभोरचा एक तरुण मला डोक्यावर चढवून स्वतःला ‘पीटर’ म्हणवायचा. त्याला पडणाऱ्या शिव्या आधी माझ्यातून जायच्या. तीन वर्षं मी ते सोसलं. “याचा आवाज काय स्वच्छ येतो,” असं साहेब एकदा म्हणाले, तेवढीच कमाई. मग बिनतारेचे नवे हेडफोन आले आणि आम्हा चाळीसजणांना एका खोक्यात कोंबलं. निरोप नाही, नारळ नाही.

त्या इमारतीतले संगणक समाधान नावाचा माणूस सांभाळायचा. त्यानं साहेबांना विचारून मला उचललं आणि कोथरूडला आपल्या घरी आणलं. आणि मित्रांनो, इथून पुढे मला खरी नोकरी लागली.

समाधानचे वडील कचरू खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पूर्वी वस्तीत त्यांची गायन पार्टी होती. बाबासाहेबांवरची, शाळेत जाणाऱ्या पोरींवरची, अगदी नळावरच्या भांडणावरचीसुद्धा, अशी अकरा गाणी त्यांनी स्वतः रचली होती. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव घालायचं, ही त्यांच्यातली रीत. ‘कचरू म्हणे’ आलं की गाणं संपत आलं, असं लोक समजायचे.

समाधानची आई ललिताबाई कोरसात असायच्या. वय त्रेसष्ट, शिक्षण तिसरी, मान मात्र हेडमास्तरणीची. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत. ‘कचरू म्हणे’ आलं की तेवढ्यापुरत्या गप्प, पुढच्या शब्दाला परत हजर. कचरू त्यांना चिडवायचे, “बाबासाहेबांनी सांगितलं तेव्हा सगळं सोडलंस. हे कधी सोडणार?”

“ते पटलं म्हणून सोडलं. हे मला आवडतं म्हणून ठेवलंय. तुम्हाला काय त्रास होतो?”

मी आलो त्याच महिन्यात डॉक्टरांनी कचरूंच्या घशात गाठ असल्याचं सांगितलं. साधी गाठ होती, जिवाला धोका नव्हता. महिन्याभरानं ऑपरेशन होतं आणि आधीचा एक आठवडा अगदी मौन पाळायचं होतं. बोलता येईल, पण गाता येईल की नाही ते डॉक्टरांनाही सांगता येईना. गाणी वहीत लिहिलेली होती. चाली कुठेच नव्हत्या. त्या फक्त कचरूंच्या गळ्यात होत्या.

ललिताबाईंनी संगणकावरचा भरतकामाचा रुमाल काढला आणि सुनेला हाक मारली.

“सोनाली, मला हे यंत्र शिकव.”

“आई, मी करते ना रेकॉर्ड.”

“तू क्लासला जाणार, दुसऱ्यांच्या पोरांना गणित शिकवणार, घरी येऊन दमणार आणि उरल्यासुरल्या वेळात माझ्या माणसाचा आवाज धरणार? नको. माझं काम मी करते.”

पहिल्या दिवशी माऊस टेबलावरून तीनदा पडला. दुसऱ्या दिवशी, सभेत भोंग्यावर बोलायची सवय म्हणून, बाईंनी माझ्यात असा काही आवाज लावला की माझे दोन्ही पडदे थरथरले.

“आई, हळू. पडद्यावरची लाट वर आपटतेय.”

“मी हळूच बोलतेय. तुझ्या यंत्राला सवय नाही.”

पण ती लाट निळी होती आणि निळा रंग पाहून बाई खूश झाल्या. आठवड्याभरात त्यांना लाट वाचता येऊ लागली. खोकला आला की तिथे काटा उभा राहतो, हे त्यांनी आपणहून ओळखलं. मग तांदळातले खडे निवडावेत तसे त्या खोकले निवडू लागल्या. एकदा उत्साहात त्यांनी सगळे श्वासही कापून टाकले. कचरूंनी मला कानाला लावून ऐकलं आणि म्हणाले, “अगं, मी श्वासच घेत नाहीये! ऑपरेशनच्या आधीच मारलंस की मला.” सोनालीनं दोन बटणं दाबून श्वास परत आणले. ती दोन बटणं बाईंनी लगेच पाठ केली.

रोज एक गाणं. कचरू मला घालून गायचे, बाई समोर बसून धरायच्या, मग मी बाईंच्या डोक्यावर आणि कापाकापी सुरू. शेवटी यंत्र फाईलचं नाव विचारायचं.

“ज्याचं गाणं त्याचं नाव द्यायचं, म्हणजे सापडतं,” सोनालीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता बाई काय नाव देणार? त्यांनी इंग्रजी अक्षरांचा कागद समोर ठेवला आणि एका बोटानं तीन अक्षरं दाबली. ए, एच, ओ. अहो. दुसऱ्या गाण्याला अहो, तिसऱ्यालाही अहो. दुसऱ्यापासून पडद्यावर एक चौकोन यायचा आणि इंग्रजीत काहीतरी विचारायचा.

“एवढं अदबीनं विचारतंय, तर नाही कशाला म्हणायचं?” असं पुटपुटून बाई ‘येस’ दाबायच्या.

मित्रांनो, इंग्रजी मला येत होतं. तीन वर्षं दुसरं काय ऐकलं होतं मी? पण तो चौकोन मुका, आणि मी ऐकणारा.

अकरावं गाणं झालं. कचरूंचं मौन सुरू झालं. हातात नातवाची पाटी आली आणि तोंड बंद. “चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं पुरतं ऐकून घेताय,” बाई म्हणाल्या. त्याच संध्याकाळी सोनाली सीडी करायला बसली.

“आई, एकच गाणं आहे. बाकीची दहा कुठे ठेवलीत?”

“तिथेच. अहोमध्ये.”

सोनालीनं दोनदा पाहिलं. मग हळूच सांगितलं, “आई, एकाच नावानं ठेवलं की आधीचं पुसलं जातं. ते तुम्हाला तेच विचारत होतं.”

ज्या ललिताबाईंच्या तोंडाला संपूर्ण सोसायटी वचकून होती, त्यांनी भरतकामाचा रुमाल उचलून संगणकावर परत घातला. मी त्यांच्या गळ्यात होतो. मला त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

कचरूंनी पाटीवर लिहिलं (पाटीवरचं सोनाली मोठ्यानं वाचायची, म्हणून मला कळायचं), ‘तुला सगळी येतात.’

“मी कोरसवाली.”

त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं, ‘चाळीस वर्षं मागे उभी राहून काय ऐकत होतीस?’

दुसऱ्या दिवशी पार्टीतले ढोलकीवाले कोंडीराम आले. कचरू समोर खुर्चीत, ताल चुकला की बोट वर. बाईंनी मला डोक्यावर घेतलं आणि गायला लागल्या. मित्रांनो, काय आवाज होता तो! पितळी घंगाळ्यावर चमचा वाजवावा तसा. एवढी वर्षं हा आवाज मागे उभा होता!

शेवटचं कडवं आलं आणि बाई थांबल्या. ढोलकी एकटीच वाजत राहिली.

“वहिनी, पुढे?”

“पुढचं तुम्ही म्हणा, भाऊजी.”

“मी म्हटलं तर कुत्री भुंकतील.”

सोनाली म्हणाली, “आई, तेवढी ओळ सोडा. आपण कापून टाकू.”

“कापून?” बाई कडाडल्या. “मग उद्या कुणाला कळणार हे कुणी रचलं ते? उद्या कुणीही सोम्यागोम्या आपलं नाव घालून गाईल आणि आपण टाळ्या वाजवायच्या! वाजवा हो भाऊजी, मागच्या ओळीपासून.”

माझी दांडी त्यांनी ओठांजवळ ओढली. ‘कचरू म्हणे...’ इतकं हळू, की पडद्यावरची लाट जेमतेम हलली. पण मी धरली. सोडतो की काय!

कचरूंचे खांदे हसून हसून हलत होते. त्यांनी पाटी वर केली: ‘परत.’

“एकदा घेतलं ते पुरे,” बाई म्हणाल्या. पण दहा गाणी होती, दहादा घ्यावं लागलं. चौथ्या गाण्यापर्यंत लाज गेली. सातव्यात तर बाईंनी त्या नावावर अशी तान मारली की शेजारच्यांनी बेल वाजवली, तक्रार करायला नव्हे, ऐकायला. प्रत्येक फाईलला नाव दिलं गेलं: कचरू एक, कचरू दोन, थेट दहापर्यंत. सोनाली टाईप करायला पुढे आली तर बाई म्हणाल्या, “हो बाजूला. नाव मी घालणार.”

ऑपरेशन नीट झालं. कचरूंना बोलायची परवानगी मिळाली तेव्हा आवाज घोगरा होता, गाणं काही परत आलं नाही. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “सातव्यात ताल गेलाय.”

“आवाज गेला, पण खोड नाही गेली,” असं म्हणून ललिताबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि सातवं परत धरायला घेतलं.

त्यानंतर पाच-सहा वर्षं मला उसंत नव्हती. जुन्या वस्तीतल्या बाया गाणी घेऊन यायच्या आणि बाई त्यांना शिकवायच्या, ओरडू नका, लाट वर आपटते म्हणून. मग घराघरात फोन आले, माझी गरज सरली. आता मी टीव्हीखालच्या खणात असतो, संपलेल्या सेलांच्या शेजारी. तारेला पीळ पडलाय. चालतोय अजून, कुणी लावून बघितलं तर.

मित्रांनो, जुन्या वस्तूची तार सरळ गुंडाळावी आणि यंत्रानं काही विचारलं तर ‘हो’ म्हणायच्या आधी ते वाचावं, एवढं तर कराच. आणखी एक मागतो. तुमच्या घरात कुणीतरी असतंच, सगळी गाणी पाठ असलेलं आणि कधीच पुढे न बोलावलेलं. त्या माणसाला गायला सांगा. नाही म्हणतील. दुसऱ्यांदा सांगा.