'भेटीचं ठिकाण' नावाचा रकाना

मी रकाना बोलतोय. चर्चच्या संगणकात मंडळीतल्या प्रत्येक गटाची एक नोंद असते: गटाचं नाव, प्रमुख कोण, वार कोणता. त्यातला 'भेटीचं ठिकाण' तो मी. दिसायला एवढीशी पांढरी चौकट. पण हल्ली कुणी नोंद उघडली, तरी मला धास्ती वाटते.

मला घडवलं कार्यालयातल्या ताईंनी. सुरुवातीला माझ्यात कुणी काहीही लिही. गायकवृंदाने लिहिलं होतं, 'नेहमीच्याच जागी'. तरुण संघाने, 'शिंपीकाकांकडे, कुत्रा फक्त भुंकतो'. शिवणवर्गाच्या नोंदीत चर्च सांभाळणाऱ्या पाळकबाईंनी दोनच शब्द घातले होते: 'मला विचारा'.

त्या वर्गात शिवण कमी आणि धीर देणं जास्त चाले. घरचा मार सोसवेना म्हणून बाहेर पडलेल्या बायका मंडळीतल्या नर्सबाईंच्या घरी जमत. हे मला नंतर कळलं. ताईंनाही तो साधा शिवणवर्गच वाटे.

मग चर्चची नवी वेबसाइट आली. गटांची माहिती तिथे आपोआप दिसणार, म्हणून ताईंनी सगळे रकाने एका साच्यात बसवायला घेतले. आधी घर क्रमांक, मग गल्ली, मग जवळची खूण. माझ्या डोक्यावर लाल चांदणी चढली, म्हणजे मला भरल्याशिवाय नोंद जतनच होणार नाही. 'मला विचारा' संगणकाने साफ नाकारलं. पाळकबाई लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेलेल्या. वर्ग नर्सबाईंकडे भरतो एवढं ताईंनी ऐकलं होतं. त्यांनी पत्ता शोधला, माझ्यात घातला, आणि "आता कसं, नीटनेटकं!" म्हणून चहाला गेल्या.

बाहेरची माणसं मला वाचू लागली. एक जण मात्र शिवणवर्गाचं पान उघडी, माझ्यावर थांबे, जाई, परत येई. का कोण जाणे, मला भीती वाटू लागली. तोंड असतं तर ओरडलो असतो.

एका दुपारी फोन वाजला. ताईंचे हात गुंतलेले, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. आवाज मधात घोळलेला.

"ताई, आमची बायको येते शिवणवर्गाला. वेबसाइटवरचा पत्ता धरून आलोय. गल्ली सापडली, पण घरांवर क्रमांकच नाहीत."

"नाव काय त्यांचं? फोन करून सांगते त्यांना."

"छे, छे, सांगू नका! सांगितलं तर पुन्हा पळेल. आज नाही सुटायची ती."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. पण आवाज त्यांनी हलू दिला नाही.

"गल्ली चुकलात तुम्ही. मागे फिरा, पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ जा, तिथे विचारा."

"उपकार झाले, ताई."

फोन ठेवताच त्यांनी नर्सबाईंना फोन लावला. पलीकडे शिवणयंत्र घरघरत होतं.

"कुणाचा तरी नवरा येतोय. निघा तिथून!"

यंत्र थांबलं. एक बाई म्हणाली, "माझाच असणार."

"पत्ता दिला कुणी त्याला?" नर्सबाईंनी विचारलं. "मीच," म्हणत ताईंनी माझ्यावरची चांदणी काढली आणि मला पुसलं.

बायका मागच्या दाराने शेजारच्या सुताराच्या आवारातून निसटल्या. तो परत आला तेव्हा घर रिकामं होतं. त्याने काचा फोडल्या, दारावर लाथा घातल्या. सुताराने आणि त्याच्या भावांनी त्याला धरून पोलिसांच्या हवाली केलं.

काही दिवसांनी ती बाई पाळकबाईंबरोबर कार्यालयात आली.

"बघ, चांदणी काढली," ताई म्हणाल्या. "आता काही नाही त्यात."

"बंद करून परत उघडा," ती म्हणाली.

ताईंनी उघडलं. तिने पडद्यावर माझ्यावरून बोट फिरवलं. मी कोराच होतो.

वर्ग आता कुठे भरतो, ते ताईंनी विचारलं नाही. मलाही नको आहे ते.

ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या खुर्चीत आज नवा कारकून बसलाय. माणूस भला दिसतो, पण कोरी जागा त्याच्या डोळ्यांत खुपते. आत्ता त्याने शिवणवर्गाची नोंद उघडून माझ्यात कर्सर आणून ठेवलाय. तो लुकलुकतोय, आणि कारकून स्वतःशीच पुटपुटतोय, "हे कसं राहिलं भरायचं?"

राहिलेलं नाही, बाबा. राहू दिलंय. हात जोडले असते, पण मला हात नाहीत. तुझे तेवढे उचल त्या कळांवरून.