जड नाव

यादीत चार फाइली होत्या. तीन छोट्या, कॅमेऱ्याच्या. चौथी अडतीस जीबीची, 'करांगवुनी-उतार-संपूर्ण' नावाची. प्रत्येकीपुढे तिचा लांबलचक क्रमांक आणि त्यानंतर एक छोटा आकडा: १, १, १, २. डिस्कवर मोकळी जागा दोन जीबी. यादीतल्या त्या शेवटच्या २ कडे वेनिंगनं पाहिलंच नाही. हिशेबाचा निकाल लिहायला तिला जागा हवी होती.

अडतीस जीबीत करांगवुनीचा डोंगर होता. एकोणीस दिवस रडारनं दर दोन मिनिटांनी त्याचा उतार मोजला होता. यंत्र भाड्याचं, आतलं सगळं पुसून ते बांडुंगला परतही गेलं होतं. उताराखालच्या बासष्ट घरांतली माणसं शाळेत येऊन राहिली होती, आणि आज जुम्म्याच्या नमाजानंतर गावप्रमुख, पाक लुराह, त्यांना घरी पाठवणार होते. डोंगर सरकतोय याचे आकडे दाखवा, मग थांबवतो, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या आठवड्यात ही फाइल उघडताना प्रोग्राम तीनदा कोसळला होता. तेव्हा शेजारच्या टेबलावरून गालिह म्हणाला होता, "नाव जड झालंय गं बिचारीला. पोर सारखं आजारी पडलं की काय करतात? नाव बदलतात. स्लामेत ठेवूया. नावाप्रमाणे सुखरूप राहील."

"मला नको शिकवूस. तिसऱ्या वर्षी माझंच नाव बदललंय. आणि माझ्या फाइलला हात लावलास तर बघ!"

आता तिनं फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवली, मूळ फाइल पुसली आणि उतरवलेली उघडली. ती चार जीबीपाशी तुटलेली होती. ती जुनी डिस्क त्याहून मोठी फाइल घेतच नसे. तसा संदेश पडद्यावर आलाही होता. घाईत तिनं तो न वाचताच मिटवला होता.

तेवढ्यात फोन वाजला. शाळेतून गालिह.

"निंग, आकडे कुठायत? पाक लुराह दोनदा विचारून गेले. ट्रक आलेत. घरी जायला बू पायनेम तर शेगडी आणि कोंबड्या घेऊन चढून बसलीये."

"गालिह, फाइल गेली."

"गेली म्हणजे? जेवायला?"

"पुसली मी. माझ्या हातानं."

"अगं, पण—" एवढंच आलं आणि रेंज गेली.

तिनं पुन्हा पुन्हा लावला. लागेना. 'अगं, पण' कानात ठणकत राहिलं. पण काय? पण अक्कल कुठे गेली होती, हेच ना! डोंगर आज रात्री खाली आला तर बू पायनेमच्या कोंबड्याही मोजता येणार नव्हत्या.

डोळे पुसून तिनं सवयीनं मोकळी जागा पाहिली. दोन जीबी.

तिनं परत पाहिलं. दोनच.

अडतीस पुसले तर चाळीस व्हायला हवेत. जागा सुटली नाही, म्हणजे माल अजून तिथेच होता. संगणक फाइल नावानं ओळखतच नाही, क्रमांकानं ओळखतो. नाव ही नुसती दारावरची पाटी. एका घराला दोन दारं, दोन पाट्या असू शकतात. एक पाटी उतरवली तरी घर उभंच राहतं. शेवटची उतरली, आणि आत कुणी काम करत नसलं, तरच जागा मोकळी होते.

आत कुणी होतं का? तिनं तपासलं. एकही प्रोग्राम फाइल धरून बसला नव्हता. मग दुसरी पाटी. पडद्यावर वर सरकलेल्या यादीत क्रमांक अजून दिसत होता, आणि त्याच्यापुढे तो २: दोन पाट्या. तो क्रमांक देऊन तिनं अख्खी डिस्क शोधायला लावली. बाहेर मशिदीत बांग झाली, नमाजाआधीचं प्रवचन, खुतबा, सुरू झालं. पडदा कोराच. तिनं ओढणीचं टोक दातांत धरलं.

मग एक ओळ आली. गालिहचा फोल्डर. नाव: 'स्लामेत'.

फोन वाजला. "अगं, मघापासून तेच सांगतोय! नुसतं दुसरं नाव दिलं होतं. जुनं तसंच ठेवलं, नाहीतर तू माझा जीव घेतला असतास."

"तो नंतर घेते. ट्रक थांबव."

"पहिल्या ट्रकची किल्ली माझ्या खिशात आहे. पण लवकर कर बाई, ड्रायव्हर माझ्यापेक्षा दुप्पट आहे."

बाहेरच्या डिस्कवरचा तुटका तुकडा पुसून तिनं 'स्लामेत'मधल्या मोजणीचा निकाल तिकडे लिहायला लावला. नमाज संपला. गालिहचे चार फोन आले. तिनं उचलले नाहीत. पाचव्याला उचलला आणि पडद्यावरचं वाचून दाखवलं.

एकोणीस दिवसांत उतार एकेचाळीस मिलिमीटर सरकला होता. त्यातले सव्वीस शेवटच्या तीन दिवसांत.