पिठातल्या चौतीस रेघा

मित्रांनो, जवळ येण्याआधी एक सांगा, तुम्हाला कुठल्या कंपनीने तर पाठवलं नाही ना? हातात पत्रक नाही? गळ्यात टाय नाही? मग या, बसा. मी एक जुना काळा टेलिफोन आहे. गोल डायलचा, विटेसारखा जड आणि स्वभावाने पक्का संशयी. हसू नका. माझ्या जागी असतात तर तुम्हीही तसेच झाला असतात.

माझा जन्म कारखान्यातला, पण बालपण गेलं गोदामात. तिथे आम्ही शेकडो फोन खोक्यांत पडून होतो. त्या काळी सगळ्या देशात फोन देणारं ऑफिस एकच होतं, आणि त्याच्या खिडकीवर पाटी होती, 'फोन शिल्लक नाहीत.' शिल्लक नाहीत? अहो, पाटीच्या मागच्याच खोलीत मी धूळ खात होतो की! बाहेर माणसं अर्ज घेऊन उभी, आत आम्ही रिकामटेकडे. असं का, हे कुणी सांगेना. तेव्हा संशयाचा जो किडा डोक्यात शिरला, तो काही निघाला नाही.

शेवटी एका नर्सबाईंच्या अर्जाची पाळी आली. नऊ वर्षांनी! या बाई घरोघरी जाऊन बाळंतपणं करायच्या. मला बसवायला आले ते त्यांचे धाकटे भाऊच, कारण ते त्याच ऑफिसात लाइनमन होते. म्हणजे बघा, सख्ख्या बहिणीलाही नऊ वर्षं. लाइनमनची एक पद्धत होती. कुठलाही फोन जोडला की ते टेलिफोन केंद्रातून तो वाजवून घेत आणि वाजत असताना त्यावर तळहात टेकवत. "कान फसतो, हात फसत नाही," असं त्यांचं म्हणणं. माझ्यावरही त्यांनी हात टेकवला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात वाजलो.

लाइनमन आणि त्यांची मुलगी याच घरात राहायची. मुलगी अखंड बोलायची म्हणून तिला सगळे टिटवी म्हणत. टिटवीच्या भीतीने तिच्या आत्यांनी, म्हणजे नर्सबाईंनी, माझ्या डायलला एक छोटं कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. आलेला फोन घ्या खुशाल, पण इथून लावायचा नाही. टिटवी कसली ऐकते! रिसीव्हर ठेवायची जी खुंटी असते ना, ती टकटक दाबायची. तिनासाठी तीन टकटक, सातासाठी सात. डायल न फिरवता मैत्रिणीला फोन लागायचा. आत्यांना मात्र कळायचं नाही की कुलूपबंद फोन गरम कसा.

ते दिवस फार चांगले होते. माझा नंबर शहरातल्या बायकांना पाठ होता. कुणी कपाटाच्या दारामागे लिहिला होता, कुणी पाळण्याच्या फळीवर. मी वाजलो की आत्या चप्पल शोधायच्या आधी पिशवी उचलायच्या.

मग एके दिवशी सरकारने ठरवलं की फोनचा धंदा आता कुणीही करावा. झालं! आठवड्याभरात दारात टायवाला हजर.

"मावशी, आमचा फोन घ्या. अर्ज नाही, रांग नाही, उद्या सकाळी बसवतो."

"आणि माझा नंबर?" आत्यांनी विचारलं.

"नवा मिळेल ना! एकदम झकास नंबर देतो."

"झकास घेऊन काय करू? कळा सुरू झालेल्या बाईला हा आठवतो, झकास नाही."

टायवाला हसत हसत गेला. तो पायऱ्या उतरेपर्यंत हसतच होता, म्हणून मला त्याचा जास्तच संशय आला. पण लोक रांगेला विटले होते. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बेकरीवाल्याने नवा फोन घेतला, शिंपिणीने घेतला, बघता बघता अर्ध्या शहराने घेतला. लाइनमन जेवताना कुरकुरायचे, "खांब आम्ही उभे केले, तारा आम्ही ओढल्या, आणि हे आयत्या बिळावर नागोबा."

मी मनात म्हणायचो, अगदी बरोबर! पण मित्रांनो, एका दुपारी लाइनमनच्या साहेबांचा फोन आला. माझ्यातूनच गेलेलं बोलणं ते, शब्द न् शब्द आठवतो.

"नव्या कंपनीच्या केंद्रातून आपल्याकडे दोनशे तारा जोडायच्या ठरल्यात. तू वीसच जोड."

"साहेब, विसांत काय होणार? एका वेळी वीसच फोन लागतील. एकविसाव्या माणसाचा फोन आपल्याकडे येणारच नाही."

"नाहीच यायला पाहिजे. नवा फोन लागत नाही म्हटल्यावर येतील परत आपल्या रांगेत. नोकरी टिकवायची आहे ना?"

लाइनमननी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. मग म्हणाले, "बरं साहेब."

मी कपाळाला हात लावला असता, पण मला हात नाही आणि कपाळही नाही. सगळं ठाऊक, आणि सांगायचं कुणाला? फोनला दुसऱ्याचं बोलणं पोचवता येतं, स्वतःचा एक शब्द बोलता येत नाही.

त्यानंतर मी कमी वाजू लागलो. आत्या मला उचलून कानाला लावायच्या, आत आवाज आहे ना बघायच्या, परत ठेवायच्या. बेकरीवाल्याच्या सुनेचे दिवस भरत आले होते, आणि तिच्या घरून फोन नाही म्हणून आत्या धुसफुसत होत्या. "नवा फोन घेतला, नवी बाईसुद्धा घेतली असेल." लाइनमन म्हणाले, "ताई, त्यांची यंत्रंच नकली." म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

एका दुपारी लाइनमन जेवायला बसले होते. पिशवी दाराशी तयार, आत्या माझ्याशेजारी, मी मुका. इतक्यात दार धाडकन उघडलं. बेकरीवाला! कोपरापर्यंत पीठ, पायात एकच चप्पल.

"अहो बाई, फोन का उचलत नाही? दीड तास झाला लावतोय!"

"वाजला तर उचलीन ना!"

"सून... बाळाचे पाय आधी..."

पुढचं ऐकायला आत्या थांबल्याच नाहीत. लाइनमनचा घास हातातच राहिला.

मित्रांनो, ती दुपार संपता संपेना. टिटवी शाळेतून आली, तिला सगळं कळलं, आणि ती चक्क गप्प बसली. आत्या परतल्या तेव्हा त्यांचे केस सुटले होते. "आहे," त्या म्हणाल्या. "मुलगी आहे. पाच मिनिटं रडलीच नाही. मी पाठ चोळत होते आणि म्हणत होते, रड गं बाई, रड. आणखी थोडा उशीर झाला असता तर..." त्या पाणी प्यायल्या. "बेकरीवाल्याच्या कामाच्या टेबलावर फोन आहे. दर वेळी लागला नाही की त्याने पिठात बोटाने एक रेघ ओढली. चौतीस रेघा होत्या. मी मोजल्या."

"मी म्हणत नव्हतो, त्यांची यंत्रं..." लाइनमननी सुरुवात केली.

टिटवी म्हणाली, "पण बाबा, माझ्या मैत्रिणीकडेही तोच फोन आहे. तिथून बेकरीत लावला तर लगेच लागतो. शिंपीणकाकूंना लगेच लागतो. फक्त आपल्यासारख्या जुन्या फोनवर लागत नाही. मी दहादा लावून बघितलं. मग बिघाड त्यांच्या बाजूला कसा?"

 मग लाइनमन उठले, त्यांनी माझा रिसीव्हर उचलला आणि खुंटी टकटक दाबायला लागले. भराभर, सराईतासारखी.

टिटवीचे डोळे विस्फारले. "बाबा, तुम्हीपण?"

"म्हणजे या घरात कुलूप फक्त माझ्यासाठी होतं तर!" आत्या म्हणाल्या.

पलीकडे साहेब होते. "साहेब, उरलेल्या एकशे ऐंशी तारा जोडायला निघालोय."

"कुणाला विचारून?"

"विचारत नाही साहेब. सांगतोय."

रिसीव्हर ठेवून ते बहिणीसमोर उभे राहिले. "ताई, त्या रेघा माझ्या आहेत." आणि वीस तारांची सगळी गोष्ट त्यांनी सांगितली. आत्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त दोऱ्यातली किल्ली काढली, माझं कुलूप उघडलं आणि म्हणाल्या, "जा. आणि नीट जोड."

रात्री उशिरा लाइनमन परत आले, हातांना तारांचे ओरखडे. माझ्यावर तळहात टेकवून उभे राहिले. मी वाजलो! पलीकडून बेकरीवाला ओरडत होता, "पहिल्या फटक्यात लागला हो!" आणि त्याच्यामागे कुणीतरी इवल्या आवाजात, पण जीव तोडून रडत होतं. लाइनमननी रिसीव्हर आत्यांच्या कानाशी धरला. स्वतःचा कानही त्यांनी तिथेच आणून टेकवला. त्या दिवशीही मी गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात वाजलो होतो, सांगून ठेवतो.

साहेबांनी त्यांना वर्षभर गोदामात बसवलं, जुने फोन मोजायला. पण जोडलेल्या तारा उपटायचं धाडस काही साहेबांना झालं नाही.

पुढे नियम झाला, कंपनी बदलली तरी नंबर आपलाच. आत्यांनी माझा नंबर एका खिशातल्या फोनला दिला आणि मी फळीवर आलो. नंबर गेला, मी राहिलो. वाईट वाटतंच. टिटवी अधूनमधून माझी धूळ पुसते आणि सवयीने खुंटी टकटक दाबते. टायवाल्यावर म्हणाल तर माझा अजूनही विश्वास नाही. त्याच्या पत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात काय लिहिलेलं असतं, ते भिंग घेऊन वाचत जा. पण मित्रांनो, मी सगळा जन्म दारातल्या माणसावर डोळे वटारले, आणि तार न जोडता ठेवली होती घरात जेवायला बसणाऱ्यानेच. संशय जरूर घ्या. फक्त तो घराबाहेर सोडताना आधी एक चक्कर घरातही मारू द्या.

आणि एक कराल? फोन वाजला तर उचला. पलीकडचा कितवी रेघ ओढतोय, तुम्हाला काय ठाऊक!